उंदराचा पिंजरा आणि इफ्तारचा दस्तरखान

प्रयोगशाळेतल्या उंदराला तुपट-तेलकट खायला घातलं तर त्याच्या शरीराचं काय होतं, हा विषय रमजानच्या पानावर कशाला, असं काही वाचकांना वाटेल. या पानावर खजूर, जकात, तरावीह, शीरखुर्मा यांवर लिहिलं जातं आणि ते लिहिलं गेलंच पाहिजे. पण मगरिबच्या अजानआधी अर्धा तास विजापूर वेशीकडून एकदा चालत या. कढया तापलेल्या असतात. भजी, खिमा समोसे, कटलेट एकामागून एक झाऱ्यावर निथळत असतात. शिकेच्या शेगडीवर चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की धुराचा लोट उठतो आणि त्या वासानं रोजा नसलेल्यालाही भूक लागते. गर्दीत टोप्या असतात तसे टिळेही असतात. सोलापुरात रमजानचं खाणं सगळ्यांचं आहे, म्हणून त्याचे परिणामही सगळ्यांचेच आहेत.

हे खाणं पोटात गेल्यावर पुढं काय होतं, हे माणसाला विचारून कळत नाही. माणूस दोन भजी खाल्ली म्हणून सांगतो आणि सहा खाल्लेली असतात. त्यात लबाडी असते असंही नाही, त्याला खरंच आठवत नाही. उंदराचं तसं नाही. त्याला सकाळी किती ग्रॅम घातलं आणि दुसऱ्या सकाळी किती उरलं, हे काट्यावर मोजता येतं. त्याचे आईबाप, आजी-आजोबा ठाऊक असतात. झोप किती, जाग किती, हेही टिपता येतं. चरबी, साखर आणि इन्सुलिनबद्दल डॉक्टर आज आपल्याला जे सांगतात, त्यातलं बरंचसं आधी अशा पिंजऱ्यात दिसलेलं आहे.

या उंदराचं घराणं जुनं आहे. अमेरिकेतल्या क्लॅरेन्स लिटल नावाच्या संशोधकानं १९२१ मध्ये काळ्या उंदरांची एक जात तयार केली. पिढ्यानपिढ्या भावाबहिणींचाच संकर करत गेल्यानं त्या जातीतले सगळे उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकसारखे निघतात. तिचं नाव सी-५७ ब्लॅक-६. जगभरच्या प्रयोगशाळांत हा काळा उंदीर सर्रास वापरतात. १९८८ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड सरविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदरांना भरपूर चरबीचा आहार देऊन पाहिला. ते लठ्ठ झाले आणि त्यांची साखर वाढली. त्यांना जन्मतः मधुमेह नव्हता. तो ताटातून आला होता.

त्या ताटात काय असतं, हे पाहण्यासारखं आहे. उंदराच्या नेहमीच्या खुराकात साधारण दहा-बारा टक्के उष्मांक चरबीतून येतात. प्रयोगाच्या खुराकात हे प्रमाण ४५ टक्के किंवा ६० टक्के असतं. ६० टक्केवाला खुराक जगभर एवढा वापरला जातो की त्याच्या गोळ्या ओळखू याव्यात म्हणून निळ्या रंगवलेल्या असतात. हातात घेतली की बोटांना वंगण लागतं. त्यातली बहुतेक चरबी डुकराची असते. रमजानच्या पानावर हा शब्द लिहिताना हात थोडा थबकतो, पण जे आहे ते आहे. माणसाच्या ताटात ६० टक्के उष्मांक चरबीतून येणं रोजचं नाही. पण भजी, समोसा, वरून शीक, त्यावर मलईचा फालुदा अशी एखादी इफ्तार झाली, तर त्या एका बैठकीपुरते आपण निळ्या गोळीच्या फार लांब नसतो.

मग शरीरात काय होतं? सगळ्यांना वाटतं तसं आधी वजन वाढतं आणि मग बिघाड होतो, असं नाही. बिघाड आधी सुरू होतो. तीन-चार दिवसांतच यकृत इन्सुलिनला नीट दाद देईनासं होतं. मेंदूत भूक आणि तृप्ती सांभाळणारा जो भाग आहे, तिथं तर एक ते तीन दिवसांत दाहाच्या खुणा दिसू लागतात, असं २०१२ च्या एका अभ्यासात आढळलं. उंदीर तेव्हा बाहेरून ठणठणीत दिसतो, केस चकचकीत असतात. वजन पुढं आठवड्या-आठवड्यानं चढत जातं आणि तीन-चार महिन्यांत तीस ग्रॅमच्या आसपास राहिला असता तो उंदीर ४५-५० ग्रॅमवर जातो.

चरबी साठवणाऱ्या पेशी फुगतात. एका हद्दीपलीकडं फुगलेली पेशी मरते आणि तिचा निचरा करायला शरीराच्या संरक्षक पेशी तिच्याभोवती कडं करून जमतात. त्या कड्यातून जी रसायनं सुटतात ती इन्सुलिनच्या कामात खोडा घालतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीतून असं एक दाहकारक रसायन जास्त प्रमाणात बाहेर पडतं, हे गोखन होतामिशलिगिल यांनी १९९३ मध्ये दाखवलं. तोवर चरबी म्हणजे नुसती कोठी, माल भरायचा आणि काढायचा, अशीच समजूत होती. पाठोपाठ १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं लठ्ठ उंदरांच्याच एका जातीवरून लेप्टिन हे संप्रेरक शोधलं. ते चरबीतून निघतं आणि मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगतं. चरबीच्या आहारावर फुगलेल्या उंदराच्या रक्तात हे लेप्टिन कमी नसतं, उलट भरपूर असतं. पण मेंदू ते ऐकेनासा होतो. भरल्या पोटी आणखी एक समोसा उचलणाऱ्या माणसाला ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. ताबा सुटण्यामागं असंही काही असतं.

साठवायला जागा उरली नाही की चरबी भलतीकडं, यकृतात आणि स्नायूंत, शिरते. अशा उंदराचं पोट उघडलं की यकृत लालसर-तपकिरी दिसायच्या ऐवजी फिकट, पिवळट दिसतं. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असं लिहून आलेले शब्द आता आपल्याकडं घरोघरी ठाऊक आहेत. ते यकृत हेच.

सरविट यांच्या प्रयोगात आणखी एक गंमत होती. त्यांनी दुसऱ्या एका जातीच्या उंदरांनाही तोच आहार दिला होता. ते उंदीर तेवढे बिघडले नाहीत. अन्न तेच असूनही एक वाळला नि एक वठला, म्हणतात तसं. एकाच दस्तरखानावर बसणाऱ्या दोन भावांपैकी एकाला तिशीत गोळी सुरू होते आणि दुसरा साठीतही बिर्याणीची दुसरी ताटली मागतो, यात नशीब नाही असं नाही. फक्त आपण कुठल्या जातीचे उंदीर आहोत, हे आधी कळत नाही.

आपल्या बाबतीत थोडं कळलेलं आहे, आणि ते पुण्यात कळलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९३ पासून सुरू केला. इथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ रोड, हातापायाला मांस कमी. पण कातडीखालची चरबी मोजली तर ती त्या मानानं कमी झालेली नाही. मांस कमी पडलं, चरबी टिकली. याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक फोटो छापला. ते आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या सोलापूरकरानं हा आकडा लक्षात ठेवावा. ‘मी कुठं जाड आहे?’ हा प्रश्न आपल्याकडं फारसा उपयोगाचा नाही.

याचीच पुढची कडी पुन्हा उंदरांत सापडली, आणि तीही पुण्याशी जोडलेली आहे. विस्टर जातीच्या पांढऱ्या उंदरांची एक वसाहत पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेली होती. पन्नास पिढ्या! आनंद हर्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी तिच्यावरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. हे उंदीर जन्मतः लहान, पण पोटात चरबी जास्त आणि इन्सुलिनला दाद कमी. मधुमेह ओढवणारं औषध टोचलं तेव्हा त्यांना मधुमेह होण्याचा धोका पोटभर खाल्लेल्या घराण्यातल्या उंदरांपेक्षा आठपट निघाला. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर चांगला आहार दिला. फरक पडला नाही.

हे वाचताना मला आपला जिल्हाच आठवत राहिला. ७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आपल्या घरांत आहेत. खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी घशाखाली उतरवलेली. त्याआधीचे दुष्काळ तर त्यांच्या आईबापांनी सोसले. गिरण्या, हातमाग, मग यंत्रमाग. विडीचं सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाया. हिंदू-मुसलमान, पद्मशाली-मोमीन, सगळ्यांच्या मागं अर्धपोटी पिढ्यांची रांग उभी आहे. आणि त्या रांगेच्या टोकाला आज दर कोपऱ्यावर कढई आहे. पन्नास पिढ्या उपाशी राहिलेल्या उंदरापुढं निळी गोळी ठेवावी, तसं हे झालंय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनं २०२३ मध्ये देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं, त्याचं मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

इथवर काय खाल्लं ते झालं. रमजानच्या दृष्टीनं खरी मौज पुढं आहे, कारण पुढचा प्रश्न केव्हा खाल्लं हा आहे.

चरबीचा आहार मिळालेला उंदीर नुसता जास्त खात नाही, अवेळी खातो. उंदीर निशाचर. साध्या खुराकावर तो रात्री पोट भरतो आणि दिवसा झोपतो. २००७ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की चरबीच्या खुराकावर काही दिवसांतच त्याचं घड्याळ ढिलं पडतं आणि तो दिवसाही, झोपेच्या वेळेत, उठून कुरतडत राहतो. आपल्यातला रात्री साडेबाराला फ्रीज उघडणारा माणूस आठवा.

मूळचे ओडिशाचे आणि कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत काम करणारे सच्चिदानंद पांडा यांनी इथं एक साधा प्रश्न विचारला. कुरतडणं बंद केलं तर? त्यांच्या चमूनं एकसारख्या उंदरांचे गट केले. चरबीचा तोच खुराक. एका गटापुढं तो चोवीस तास, दुसऱ्या गटाला फक्त रात्रीचे आठ तास. उरलेले सोळा तास रिकामा पिंजरा, पाणी मात्र होतं. शंभरावर दिवसांनी पाहिलं. दोन्ही गटांनी सारखेच उष्मांक खाल्ले होते. चोवीस तासवाले लठ्ठ, यकृतात चरबी भरलेली, साखर बिघडलेली. आठ तासवाले सडसडीत, यकृत बरं, साखर बरी, आणि फिरत्या दांडीवर तोल सांभाळण्याच्या परीक्षेतही पुढं. २०१२ चा हा अभ्यास जगभर गाजला. हल्ली व्हॉट्सअॅपवर ‘सोळा-आठचा उपवास’ म्हणून जे फिरतं, त्याला मोठं बळ मिळालं ते या पिंजऱ्यातून.

झालं. ‘विज्ञानानं रोजा सिद्ध केला’ असे संदेश दर रमजानला आपल्या गटांवर येतात, त्यांत या प्रयोगाचा दाखला असतोच. मला हे संदेश आवडत नाहीत. रोजा अल्लाहच्या हुकमासाठी ठेवतात, यकृतासाठी नाही. उद्या एखादा प्रयोग उलट निघाला तर काय रोजा सोडणार आहोत? आणि दुसरं म्हणजे, प्रयोग नीट वाचला तर तो आपल्याला शाबासकीच देतो असं नाही.

कारण उंदराची रात्र हा आपला दिवस आहे. पांडांच्या उंदरांना त्यांच्या जागेपणी खायला मिळत होतं. झोपेच्या वेळेत खायला दिलं तर काय, हे त्याआधी २००९ मध्ये नॉर्थवेस्टर्नमध्येच पाहून झालं होतं. चरबीचा तोच खुराक एका गटाला फक्त रात्री, दुसऱ्याला फक्त दिवसा. दिवसा, म्हणजे अवेळी, खाणाऱ्यांचं वजन खूप जास्त वाढलं, आणि खाल्लेले उष्मांक व हालचाल यांत म्हणावा असा फरक नव्हता. रमजानमध्ये आपण नेमकं झोपेच्या वेळेत खातो. माणसाचं शरीरही संध्याकाळनंतर साखर हाताळण्यात सकाळपेक्षा मंद असतं.

आपल्याकडं रोजा साधारण तेरा तासांचा. इफ्तार ते सहरी, म्हणजे पहाटेच्या खाण्यापर्यंत, अकरा तास उरतात. जुन्या रीतीत इफ्तार खजूर आणि पाण्यावर, नमाज, मग साधं जेवण, तरावीह, झोप, आणि पहाटे उठून थोडंसं. अकरा तासांत दोनदा तोंड हलायचं. आता इफ्तारला तळण, नमाजनंतर दालचा-खाना, तरावीहनंतर मित्रांबरोबर शीक आणि मीना बाजारात फिरताना फालुदा, मग ‘आता झोपून काय करायचं, सहरी करूनच झोपू’. हे अकरा तास म्हणजे पांडांच्या पहिल्या गटाचा पिंजरा, तोही चुकीच्या प्रहरी. दिवसा तेरा तास उपाशी राहून मिळवलेलं रात्री कुठं जातं, ते निराळं सांगायला नको. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण मराठीत आमच्यासाठी झाली नव्हती, पण लागू पडते. शेंगदाण्याच्या कुटात आणि तुपात परतलेल्या साबुदाण्याच्या खिचडीवर एकादशी काढणारे आमचे शेजारी यावर हसतात, मग स्वतःच्या ताटाकडं बघून गप्प होतात. काळाच्या दृष्टीनं पाहिलं तर आपल्या शहरात सगळ्यांत शहाणी रीत जैन घरांतल्या वडीलधाऱ्यांची. सूर्य मावळला की तोंड बंद. पांडांचे उंदीर त्यांच्या जवळचे.

यात रात्रपाळीचा कामगारही येतो. यंत्रमागावर रात्रभर उभा राहणारा, दोन वाजता वडापाव खाणारा, कुठल्याही धर्माचा, तो वर्षभर रमजानसारखा खातो आणि त्याला कुणी सबाब देत नाही.

चरबी म्हटली की ती कुठली, हाही प्रश्न आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांच्या दोन गटांना सारख्याच प्रमाणात चरबी दिली, एकाला डुकराची, दुसऱ्याला माशाच्या तेलाची. पहिल्यांच्या चरबीत दाह वाढला, दुसऱ्यांचा नाही, आणि आतड्यातले जंतूही वेगळे झाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सोयाबीन तेल आणि खोबरेल यांची तुलना झाली, तर सोयाबीनवर उंदीर अधिक लठ्ठ झाले. लगेच सोयाबीनचा डबा फेकून द्यावा असं यातून निघत नाही. प्रयोगातला डोस उंदराचा आणि पिंजरा उंदराचा. पण ‘वनस्पतीचं आहे म्हणजे चांगलंच’ ही समजूत मात्र ढिली होते. सोलापूर हा करडईचा मुलूख. करडईवरच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचं काम वर्षानुवर्षं इथूनच चाललं, ज्वारीच्या रानात काटेरी पिवळी-केशरी फुलं सगळ्यांनी पाहिली आहेत. घाण्यावरचं करडईचं तेल आपल्या आज्यांच्या स्वयंपाकात होतं, ते बाटलीतून मोजून पडायचं. आता पंधरा लिटरचा डबा येतो नि कढई भरते. तेल बदललं हे खरं, पण त्याहून जास्त हात बदलला. बाजारातल्या कढईचं तर आणखी वेगळं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून मर्यादा घातलेली आहे, आणि वनस्पती तुपातल्या घातक ट्रान्स चरबीवर २०२२ पासून दोन टक्क्यांची. रमजानच्या गर्दीत कढईपर्यंत हे नियम किती पोहोचतात, ते तेलाच्या रंगावरून ज्याचं त्यानं पाहावं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी त्या व्हॉट्सअॅपवाल्यांच्याच रांगेत बसेन. एक रात्र उपाशी ठेवलेल्या उंदराचं वजन दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतं; दोन-तीन दिवस अन्न नाही मिळालं तर तो मरतो. म्हणून साखरेच्या चाचणीआधी हल्ली त्याला चार-सहा तासच उपाशी ठेवतात. त्याचे सोळा तास म्हणजे आपले सोळा तास नव्हेत. प्रयोगशाळेत २२ अंशांचा गारवा असतो आणि उंदराला सुखाचं तापमान तीसच्या आसपास. त्यामुळं त्याची बरीच ऊर्जा अंग गरम ठेवण्यातच जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती अडचण कुणालाच नसते. आणखी एक म्हणजे, या प्रयोगांत वर्षानुवर्षं नर उंदीरच वापरले गेले, कारण मादी या आहारावर तेवढी फुगत नाही. त्यामुळं दिवसभर रोजा ठेवून, विड्या वळून, संध्याकाळी कढईसमोर उभी राहणारी आणि सगळ्यांचं झाल्यावर खाणारी जी बाई, तिच्याबद्दल पिंजऱ्यानं आपल्याला फार थोडं सांगितलंय.

माणसांवर जे पाहिलं गेलं, तेही उंदरांइतकं लख्ख नाही. चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर झालेला प्रयोग २०२२ मध्ये आला. सगळ्यांना खाणं कमी करायला सांगितलं होतं, त्यातल्या निम्म्यांना शिवाय आठ तासांची वेळही पाळायची होती. वेळ पाळणाऱ्यांना वजनात विशेष जास्त फायदा दिसला नाही. कमी खाल्लं म्हणून दोघांचंही वजन उतरलं. रमजानच्या रोज्यांवर अनेक देशांत अभ्यास झालेत. वजन सरासरी किलोभर उतरतं आणि ईदनंतर काही आठवड्यांत परत येतं.

प्रयोग संपला की या उंदरांना मारतात, त्याशिवाय यकृत पाहता येत नाही. आपल्याकडं त्यासाठी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली समिती आहे, परवानगी लागते, वेदना कमीत कमी हव्यात असा नियम आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आमच्या घरांत लहानपणीच सांगतात. माझ्या मते गरजेपोटी केलेला आणि नियमात बसणारा प्रयोग त्यात मोडत नाही, पण आलिम मंडळींत यावर चर्चा व्हायला हरकत नाही. निदान या जिवांनी जे सांगितलं ते ऐकून तरी घ्यावं.

ऐकायचं कुणी, तर आधी मधुमेहींनी. आमच्या मोहल्ल्यात एक खाला आहेत, साठी ओलांडलेल्या, दहा-बारा वर्षं गोळ्या चालू. गेल्या रमजानात दुपारी चारला घाम फुटून खाली बसल्या. सुनेनं साखर घातलेलं पाणी तोंडाला लावलं, तर दात घट्ट मिटले. ‘दो घंटे रह्ये ना बेटा, अब कैसा तोडूं?’ म्हणाल्या. शेवटी तोडला. नंतर आठ दिवस त्यांना रोजा तुटल्याचंच दुःख, जीव वाचल्याचं समाधान नाही. असे लोक प्रत्येक गल्लीत आहेत.

तेरा देशांतल्या बारा हजारांहून जास्त मुस्लिम मधुमेहींची पाहणी २००१ मध्ये झाली. गोळ्यांवर असणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींपैकी जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी निदान पंधरा रोजे ठेवले होते. रमजानमध्ये त्यांच्यात साखर धोकादायक पातळीला खाली जाण्याचे प्रसंग साडेसात पटींनी वाढले. आणि, हे लक्षात घ्या, साखर धोकादायक वर जाण्याचे प्रसंगही पाच पटींनी. खाली जाते ती दुपारी, गोळीमुळं आणि उपासामुळं. वर जाते ती रात्री, दस्तरखानामुळं. दोन्ही एकाच माणसाला होऊ शकतं, एकाच दिवशी.

यावर आता डॉक्टर आणि आलिम यांनी मिळून मार्गदर्शक सूचना केलेल्या आहेत. रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावं. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या उपाशीपोटी साखर एकदम पाडतात, त्यांची मात्रा आणि वेळ बदलावी लागते. ते आपल्या मनानं करू नये. बोटाला सुई टोचून साखर पाहिल्यानं रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर दिसली तर रोजा तिथंच सोडावा. आजाऱ्याला सूट कुरआननंच दिलेली आहे. बरं झाल्यावर भरून काढावा, आणि बरं होणं शक्यच नसेल तर एका गरजवंताला जेवू घालावं, त्याला फिदया म्हणतात. एका हिंदू डॉक्टरांनी मला सांगितलं की ते आता पेशंटला रोजा ‘ठेवू नका’ म्हणत नाहीत, ‘मशिदीत इमामसाहेबांना विचारून या आणि ते काय म्हणाले ते मला सांगा’ असं म्हणतात. बहुतेक वेळा इमामसाहेब सूट घ्या म्हणूनच सांगतात, आणि मग पेशंट ऐकतो.

ज्यांना साखर नाही, त्यांच्यासाठी पिंजऱ्यातून आलेली आणखी एक खबर. पांडांच्या चमूनं २०१४ मध्ये पुढचा प्रयोग केला. काही उंदरांना आठवड्यातले पाच दिवस वेळेचं बंधन आणि दोन दिवस मोकळीक, पाहिजे तेव्हा खा. तरीही बराचसा फायदा टिकला. आधीच लठ्ठ झालेल्या उंदरांना वेळेत खायला लावलं, तर त्यांचंही वजन उतरलं. उलट वेळ पाळणाऱ्यांना पुन्हा चोवीस तास मोकळं सोडलं, तेव्हा वजन चढू लागलं. ईदनंतर शव्वाल महिन्यात सहा रोजे ठेवण्याची रीत आहे, आणि सोमवार-गुरुवारचे ऐच्छिक रोजे ठेवणारी बुजुर्ग मंडळी अजूनही आपल्या मशिदींत दिसतात. त्यांच्या इफ्तारला मी बसलो आहे. तीन खजूर, पाणी, असलं तर एखादं केळ, आणि नमाजनंतर घरी जाऊन भाकरी-सालन.